आक्काच्या आईचं नाक चिकोडीत सापडलं

कोलाज करणाऱ्या माणसाकडं दोन गोष्टी कधी संपत नाहीत. एक म्हणजे "कधीतरी लागेल" म्हणून जपून ठेवलेली कात्रणं, आणि दुसरी म्हणजे ती कात्रणं मिळवताना झालेले घोटाळे. कात्रणांनी माझा फोन भरलाय. रोज सकाळी उठल्या उठल्या तो मला सांगतो, "जागा नाही." घोटाळ्यांनी डोकं भरलंय, पण डोकं बिचारं काही सांगत नाही, त्यामुळं तिथं भर पडतच राहते. परवा एका लग्नात पंगतीला बसल्या बसल्या एक किस्सा सांगायला घेतला, तर आमटी वाढणारा गडी बादली धरून तिथंच उभारला आणि पुढची अर्धी पंगत कोरडा भात चिवडत बसली. तेव्हाच ठरवलं, एकदा सगळे बसून सांगून टाकावेत.

आमचं टोळकं चौघांचं. बेळगावच्या वडगावात बसूअण्णांचं फ्लेक्स, बॅनर आणि टी-शर्ट छापायचं दुकान आहे. घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि मशीन बंद पडलं की दोन्ही भाषांतल्या शिव्या, असे हे अण्णा. मी त्यांच्याकडं कॉम्प्युटरवर डिझाइन करते. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, मंडळांचे गणपती. चौगुले सर निपाणीचे, शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेले. दर रविवारी बसनं येतात. आणि चौथी शारदाआक्का, वय वर्षं बासष्ट, विणकराच्या घरातली, अजून हातमागावर बसते.

रविवारी दुकान बंद असतं तेव्हा आम्ही डिजिटल कोलाज करतो. म्हणजे जुने फोटो, लेबलं, कापडाचे तुकडे स्कॅन करायचे, स्क्रीनवर कापायचे आणि एकावर एक लावून नवंच चित्र उभं करायचं. कात्री नाही, डिंक नाही, कचरा नाही! "कचरा नाही" ह्या तिसऱ्या मुद्द्याला अण्णांचा विरोध आहे. का, ते येईल बोलण्यात.

*

आक्का पहिल्यांदा आली ती गिऱ्हाईक म्हणून. काउंटरवर पिशवी ठेवली आणि म्हणाली, "आईचा फोटो मोठ्ठा करून पायजे. फ्रेमचा."

"द्या की फोटो," मी म्हटलं.

"फोटो न्हाय."

"घरी राहिला का? मग मोबाइलवर पाठवा."

"घरात बी न्हाय. कुठंच न्हाय. म्हणून तर आलोय!"

(आमच्याकडं बायकाही 'आलोय, गेलोय' म्हणतात. दचकू नका.)

मग तिनं सांगितलं. आक्का पाच वर्षांची असताना आई गेली. सगळ्या जन्मात एकदाच त्यांच्या गल्लीत फोटोग्राफर आला होता. घरातली सगळी ओळीनं उभी राहिली. वडील आलेत, चुलते आलेत, शेजारच्यांची शेळीसुद्धा आली आहे त्या फोटोत.

"आणि आई?"

"त्या फोटोवाल्याला च्या करत हुती की!"

आक्का हसतच म्हणाली, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आवाज येतोय कानाला, पण तोंड येत न्हाय डोळ्यापुढं. आता तिचं तोंड बघितलेलं एकच माणूस ऱ्हायलंय. संकेश्वरची तुळसामावशी, आईची धाकटी भन. तिचा एक डोळा गेलाय, दुसऱ्यावर पडदा चढतोय. तो डोळा हाय तवर व्हायला पायजे. मावशीनं 'व्हय, हीच' म्हटलं की मी सुटलो."

फोटो नसलेल्या माणसाचा फोटो कसा मोठा करणार? पण अण्णा छातीवर हात मारून म्हणाले, "आयतु बिडरी! झालं म्हणून समजा. आपण करू." ह्याच अण्णांनी आजवर शेकडो लोकांना "आमच्या फ्लेक्सचा रंग उन्हात उडत नाही" असंही सांगितलं आहे.

पण खरं सांगू? माझ्या अंगावर आनंदानं काटा आला होता! इतकी वर्षं मी बॅनरवरच्या पुढाऱ्यांच्या तोंडावरच्या पुटकुळ्या पुसत होते. कुणाचं तरी तोंड नव्यानं आणून द्यायचं काम पहिल्यांदाच आलं होतं.

*

सुरुवात अर्थातच इंटरनेटवरून केली. कुणीही फुकट वापरावेत म्हणून लोकांनी मनानं सोडलेले लाखो फोटो तिथं असतात. मी आक्काला टॅबवर शोधायचं कसं ते दाखवलं. विणकराचे फोटो हवेत तर इंग्रजीत 'वीव्हर' म्हण, म्हटलं. आक्का माइकमध्ये ओरडली, "वीवर!"

आले की फोटो. सगळे पक्ष्यांचे! सुगरणीलाही इंग्रजीत 'वीव्हर'च म्हणतात. सुगरण पक्षी, तिचं घरटं, घरट्याला लोंबकळणारं तिचं पोर. आक्का तासभर ते बघत बसली. शेवटी म्हणाली, "ही बी आमच्याच जातीची की गं. आणि हिला दिवाळीला साडी लवकर दे म्हणून कोण घाई करत न्हाय!"

त्या दिवशी आईचं काम काही झालं नाही. पण आक्कानं पहिलं कोलाज केलं: एक सुगरण मागावर बसलेली, आणि घरट्याला चांगले चार बोटांचे काठ. अजून ते आमच्या दुकानात लावलेलं आहे, आणि गिऱ्हाइकं त्याची किंमत विचारतात.

मग सरांनी सुचवलं, "अहो, हल्ली एआयला सांगितलं की ते माणूस करून देतंय." सांगितलं. "वडगावची विणकर बाई, साठ वर्षांपूर्वीची." दहा सेकंदांत बाई हजर! ओठांना लाली, पाठीवर मोकळे केस, अंगावर एवढे दागिने की शहापूरची सराफ गल्ली रिकामी व्हावी.

आक्कानं चष्मा वर करून बघितलं. "बरी हाय पोरगी. कुणाची सून?"

तिथं एआयचं प्रकरण संपलं.

*

मग ठरलं, की आई तुकड्यातुकड्यानं गोळा करायची. आक्कानं मावशीला फोन लावला. मावशी एकेका अवयवाचा पत्ता सांगायला लागली, आणि मी लिहून घेत बसले. कपाळ आक्काच्या थोरल्या लेकीचं. हनुवटी आक्काची स्वतःचीच. "आणि नाक म्हणशील," मावशी म्हणाली, "तर चिकोडीच्या सुमनच्या पोरीचं बघ. तुझ्या आईचं, शेवंताचं नाक उतरवून घेतल्यागत हाय!"

सुमन म्हणजे आक्काची लांबची मामेबहीण. आक्कानं तिला लगेच फोन केला. "सुमे, आयतवारी येतोय गं. तुझ्या पोरीला बघायला."

मी शेजारीच होते. ह्या वाक्यात काही गडबड आहे, हे मलाही तेव्हा कळलं नाही!

रविवारी आम्ही दोघी चिकोडीला पोचलो. दारात हीऽ रांगोळी. सुमनताईंचे यजमान इस्त्रीच्या शर्टात फाटकापाशी उभे. आत सतरंजी, आणि आमच्या हातात पाय धुवायला तांब्या. मला वाटलं, काय ही माया! मग पोहे आले. पोह्यांच्या मागून साडी नेसलेली, मान खाली घातलेली पोरगी आली.

आक्काला भान कुठलं? तिला समोर नाक दिसत होतं. "वर बघ बाळ. हां. आता त्या खिडकीकडं बघ. मान जरा वळीव. श्वास सोड." मी धडाधड फोटो घेतेय. पोरीचा बाप एकदा माझ्याकडं बघतोय, एकदा आक्काकडं. शेवटी त्यांनी घसा खाकरला.

"मुलगा काय करतोय म्हनायचा?"

"कुठला मुलगा?" आक्का.

"ज्याच्यासाठी आलाय, तो."

"मला काय पोरगी नको हो," आक्का सरळ म्हणाली. "नाक पायजे नुस्तं!"

मी तोंडातले पोहे गिळू की नको, अशा अवस्थेत. आणि मग ती पोरगी हसायला लागली! पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, थांबेचना. तिची एम.कॉम.ची शेवटची परीक्षा तोंडावर होती आणि घरच्यांनी हे मधेच काढलं होतं.

"मावशी," ती म्हणाली, "लग्न टळत असंल तर नाक न्या, कान बी न्या!"

*

नाक मिळालं, आता रंग. आईचा रंग कोणता? पुन्हा मावशीला फोन. मावशी म्हणाली, "गोरी न्हवं, काळी बी न्हवं. तव्यावरनं नुकती काढलेली भाकरी असती बघ, तसा."

पुढच्या रविवारी आक्का डबा घेऊन आली, फडकं सोडलं आणि मी काही म्हणायच्या आत गरम भाकरी स्कॅनरच्या काचेवर! अण्णा असे किंचाळले की बाहेरची कुत्री उठून गेली. "बेड आक्का, बेड! नको! मशीन हाय ते, तवा न्हवं!"

पण स्कॅन जे काय आलं म्हणता! डाग, फुगे, कडेचा तो पिठूळ पांढरेपणा. स्क्रीनवर भाकरीवर टिचकी मारली की तिथला रंग उचलता येतो. मी वीस ठिकाणचे रंग उचलले. गालाला भाकरीच्या मधला, कपाळाला कडेचा, हनुवटीखाली जरा करपल्यातला. आणि तो चेहरा जिवंत दिसायला लागला! सर तर उठून उभे राहिले. म्हणाले, "चाळीस वर्षं मी पोरांना अंगाचा रंग कालवायला शिकवलं. सगळी फुकट गेली."

गळ्यापर्यंत आलो आणि रंग कमी पडला. भाकरीची दुसरी बाजू स्कॅन करू म्हटलं. बघतो तर काचेवर भाकरी नाही. डब्यातला ठेचाही नाही.

अण्णा कोपऱ्यात तोंड फिरवून उभे होते. तोंडातलं गिळून म्हणाले, "मॅडम, गळा तेवढा पदरात झाकता येईल का?"

*

चौगुले सरांना प्रेरणा निपाणीच्या जुन्या वखारींतून मिळते. तंबाखूच्या पुड्यांवरची, विड्यांच्या बंडलांवरची छापील लेबलं ते गोळा करतात. लाल-पिवळी, मोर, वाघ, देवी, पैलवान! त्या लेबलांच्या किनारीची मापं आणि अक्षरांची वळणं बघून मी वेडी होते. आजच्या कुठल्याही कॉम्प्युटरमध्ये तसली अक्षरं नाहीत. आईच्या चित्राला चौकट त्याच लेबलांची करायची, असं आमचं ठरलं.

सरांनी एक गठ्ठा आणला. एकेक लेबल काचेवर ठेवायचं, झाकण लावायचं, उघडायचं. प्रत्येक वेळी कित्येक वर्षांची तंबाखूची धूळ फुस्सकन वर! आम्ही नाकाला रुमाल बांधले. त्याच वेळी, रविवार असूनही घाईची म्हणून, येळ्ळूरचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका पास करायला आले. सोबत त्यांचे वडील. मी तारीख वाचून दाखवली, गृहस्थ "बरोबर हाय" म्हणायला तोंड उघडतात तोवर त्यांना शिंक आली.

"थांब," वडील म्हणाले. "शिंकलास. आज नको."

दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. सर मुक्कामालाच राहिले होते, काम अर्धं होतं, झाकण उघडलं. तारीख वाचली. शिंक! ह्या वेळी दोन. तिसऱ्या दिवशी मी सरांना झाकण लावून ठेवायला सांगितलं, पण धूळ आमच्या सांगण्यावर थोडीच बसते? ह्या वेळी म्हाताराच शिंकला.

चौथ्या दिवशी गृहस्थ एकटेच आले. हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, त्या तारखेतच कायतरी खोट हुती. मुहूर्त बदलून आनलाय. हे घ्या."

नवी तारीख टाकून पत्रिका छापली. तोवर लेबलं स्कॅन करून झाली होती, आणि कुणी शिंकलं नाही! लग्न उत्तम झालं. आम्हा चौघांना जेवायचं आवर्जून आमंत्रण होतं.

*

आता शिंदेंची गोष्ट. आईच्या मागं भिंत हवी होती, मातीनं सारवलेली. ती सर करणार होते, निपाणीत बसून. अण्णा फोनवर त्यांना सांगत होते. सरांचं कन्नड बाजारापुरतं, अण्णा घाईत असले की मराठीत अर्धं कन्नड घालतात, आणि त्यात सर बसमध्ये. अण्णा ओरडले, "सर, भिंतीचा फोटो हिंदे हाकरी! हिंदे!" कन्नडमध्ये 'हिंदे' म्हणजे मागं. मागच्या बाजूला टाका, एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

दोन दिवसांनी सरांची फाइल आली. मी उघडली. आक्का शेजारी बसलेली. आई अर्धीमुर्धी झालेली, मागं सुंदर सारवलेली भिंत, आणि भिंतीला टेकून, कमरेवर हात ठेवून, सफारीतला एक गृहस्थ!

"ह्यो बाबा कोन?" आक्का किंचाळली. "आईला जन्मात एक फोटो मिळंना, आनि त्यात ह्यो कुठनं येऊन उभारला?"

सरांना फोन लावला. सर गोंधळले. "अण्णाच म्हणाले ना, भिंतीला शिंदे टाका! आमच्या शेजारी शिंदे आहेत. मला वाटलं अण्णांची ओळख असेल."

आणि सर पडले शिस्तीचे. माणसाचा फोटो विचारल्याशिवाय वापरायचा नाही, हा आमच्या टोळक्याचा नियम. त्यांनी शिंदेंची रीतसर लेखी परवानगी घेतली होती. शिंदेंनी त्यासाठी सफारी धुवून, इस्त्री करून घातली होती!

तेव्हापासून आमच्यात चित्राच्या मागच्या थराला कुणी मागचा थर म्हणत नाही. "शिंदे जरा पुसट करा," "शिंदे हलतोय, लॉक करा," असंच चालतं. खरे शिंदे अजून सरांना जिन्यात गाठून विचारतात, "माझं झालं का हो काय त्या बेळगावात?"

*

आणि आता शेवटचा.

चित्र पुरं झालं. म्हणजे असं: आई रहाटावर बसलीय. रहाट म्हणजे धाग्याच्या कांड्या भरायचं चाक, विणकरांच्या घरात हे काम बायकांचं. बसलेल्या अंगासाठी आक्काच रहाटावर बसली होती. तिचा फोटो घेतला आणि त्यावर गोळा केलेला चेहरा बसवला. साडी आक्काच्या हातची. चिकोडीचं नाक, भाकरीचा रंग, निपाणीची चौकट. मी इतकी खूश होते की चार दिवस भेटेल त्याला फोन काढून दाखवत होते.

शनिवारी आक्कानं स्वतःच शेवटचा हात फिरवून फाइल अण्णांना दिली. अण्णांनी घाईत, न बघताच चांगल्या कागदावर छापली, फ्रेम करून, कागदात गुंडाळून ठेवली. मावशीच्या डोळ्याचं लक्षण ठीक नव्हतं. समोरचं माणूस आवाजावरनं ओळखतेय, असा मुलाचा निरोप होता. रविवारी सकाळी अण्णांच्या गाडीतून आम्ही चौघं संकेश्वरला निघालो. यमकनमर्डी मागं पडली तेव्हा मला राहवेना. मी कागद सोडला.

चित्र उलटं होतं! आरशात दिसावं तसं. चौकटीतली अक्षरंसुद्धा उलटी. पदर उजव्या खांद्यावर. नाकातली चमकी उजवीकडं. आणि रहाटाची मूठ डाव्या हातात.

"आक्का! हे उलटं कुणी केलं?"

"मीच," आक्का शांतपणे म्हणाली. "अण्णांनीच सांगिटलं न्हवं का, छापायचं असलं की उलटं करून द्यायचं?"

"ते टी-शर्टाचं हो!" अण्णांनी स्टिअरिंगवर कपाळ आपटलं. "टी-शर्टावर दाबताना परत सुलट होतंय. कागदावर कसं होईल?"

"मला काय ठावं? आमच्यात मागावर बी तसंच. साडीची सुलट बाजू खाली, आमच्या डोळ्यापुढं उलटी. साडी उतरली की सुलट. मला वाटलं तुमच्या मशीनचं बी तसंच."

परत फिरायचं तर अण्णांचं दुकान तासाभराच्या वाटेवर. मावशीचा मुलगा म्हणाला होता, सकाळच्या उन्हात तिला थोडं दिसतं, दुपारनंतर काहीच नाही. आक्का म्हणाली, "चला. जे हाय ते हाय." पण माझं मनगट तिनं घट्ट धरून ठेवलं होतं.

मावशीचं घर बाजाराच्या मागच्या बोळात. तिला दारातल्या उन्हात खुर्चीवर बसवलं होतं. आम्ही आत शिरलो, आक्का तिच्या पायाशी बसली आणि काही न बोलता फ्रेम तिच्या मांडीवर ठेवली. मावशीनं ती दोन्ही हातांनी उचलली, पार डोळ्याला टेकवली. मग जरा लांब धरली. मग पुन्हा टेकवली.

"पदर चुकला," मावशी म्हणाली.

अण्णांनी मान खाली घातली.

"चमकी बी चुकली. ह्या अंगाला न्हवती."

सर खिडकीबाहेर बघायला लागले. आक्का एवढीशी झाली. मी तोंड उघडलं, की सांगून टाकावं, मावशी, हे छापताना उलटं झालंय, पुढच्या आठवड्यात नवं आणतो. पण मावशी चित्रावरून बोट फिरवत होती. पदरावरून खाली, कोपरावरून खाली, रहाटाच्या मुठीपर्यंत. तिथं बोट थांबलं. आणि म्हातारीचं तोंड वाकडं झालं. हसतेय की रडतेय, कळेना.

"शेवंते," ती चित्राला म्हणाली. "अगं, शेवंते."

"मावशी?" आक्का.

"डावरी हुती गं ती. डाव्या हाताची. सासूनं एकदा हातावर पळी तापवून लावलती, म्हणून चारचौघांत सगळं उजव्या हातानं करायची. पर उजव्या हातानं कांडी सरळ भरायचीच न्हाय तिची. मग घरात कोन नसलं की रहाट उलटा मांडून घ्यायची, अगदी हितं हाय तसा. न् मला दारात बसवायची. कोन आलं की मी खोकायची, ही रहाट फिरवून सुलट करायची!"

मावशीनं फ्रेम छातीशी धरली. मग आक्काची हनुवटी चाचपडून शोधली, वर केली, आणि तो एक डोळा तिच्या डोळ्यांपाशी आणून विचारलं,

"मी उभ्या जल्मात कुनाला बोललो न्हाय. तिच्या नवऱ्याला बी ठावं न्हवतं. तुला कुनी सांगिटलं गं?"